चाहत्यांचे विकी : चित्र चढविण्यापूर्वी

आवडत्या मालिकेचा भाग संगणकावर पाहताना एखादे दृश्य थांबवायचे, ती चौकट टिपून घ्यायची आणि त्या मालिकेवरील विकीच्या पानावर चढवायची, या कामाला जेमतेम दोन मिनिटे लागतात. काही दिवसांनी तेच चित्र पानावरून नाहीसे झालेले दिसते आणि चढविणाऱ्याच्या नावे ‘स्रोत नाही, परवाना नाही’ असा शेरा असतो. मनापासून काम करणाऱ्या नवख्या चाहत्याला हा अपमान वाटतो. प्रत्यक्षात तो शेरा त्या विकीच्या अस्तित्वाशी निगडित असतो. मजकूर चाहत्यांनी स्वतः लिहिलेला असतो. चित्रे मात्र बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असतात.

चाहत्यांचा ज्ञानकोश

एखादी मालिका, चित्रपट, कादंबरी किंवा संगणकीय खेळ यांची माहिती चाहत्यांनी मिळून लिहावी, तपासावी आणि दुरुस्त करावी, अशी चाहत्यांच्या विकीची कल्पना आहे. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेला वाहिलेला ‘मेमरी अल्फा’ हा विकी २००३ मध्ये सुरू झाला, तर ‘स्टार वॉर्स’च्या चाहत्यांचा ‘वूकीपीडिया’ २००५ मध्ये. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी अँजेला बीसली यांच्यासह २००४ मध्ये ‘विकिसिटीज’ ही सेवा सुरू केली. पुढे तिचे नाव ‘विकिया’ आणि त्यानंतर ‘फॅन्डम’ झाले. चाहत्यांच्या असंख्य विकींना आज तिचाच आसरा आहे.

यांपैकी बहुतेक विकींवरील मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली असतो. लेखकाचा नामनिर्देश करून आणि तीच अट पुढे चालू ठेवून तो कोणालाही वापरता येतो. ‘मेमरी अल्फा’चा परवाना व्यापारी वापरास मनाई करतो. हे परवाने चाहत्यांच्या लेखनापुरतेच असतात. पानावरील यानाचे वा पात्राचे चित्र त्यांत आपोआप मोडत नाही. त्याची मालकी निर्मात्या कंपनीकडेच राहते.

प्रेम म्हणजे परवानगी नव्हे

मूळ लेखक वा निर्माता कौतुक करीत असला म्हणजे सर्व काही चालते, हा समज किती महागात पडतो याचे उदाहरण ‘हॅरी पॉटर लेक्सिकन’ने घालून दिले. स्टीव्ह व्हँडर आर्क यांच्या या संकेतस्थळाला २००४ मध्ये खुद्द लेखिका जे. के. रोलिंग यांनी आपल्या संकेतस्थळावरून शाबासकी दिली होती. मात्र त्याच सामग्रीचे पुस्तक काढण्याचे ठरताच रोलिंग आणि वॉर्नर ब्रदर्स यांनी प्रकाशकाविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला.

८ सप्टेंबर २००८ रोजी न्यायालयाने त्या स्वरूपातील पुस्तकास मनाई केली आणि ६,७५० डॉलरची भरपाई ठोठावली. हा निकाल चाहत्यांच्या सरसकट विरोधात गेला नाही. काल्पनिक विश्वाचा संदर्भग्रंथ रचणे हे मूळ कृतीहून वेगळ्या उपयोगाचे काम आहे, हे न्यायालयाने मान्य केले. आक्षेप होता तो मूळ शब्द गरजेपेक्षा अधिक जसेच्या तसे उचलण्यास. मजकुरात काटछाट करून आणि भाष्य वाढवून सुधारित पुस्तक जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्धही झाले. ‘किती घेतले आणि कशासाठी घेतले’ हाच प्रश्न विकीवरील प्रत्येक चित्राला लागू पडतो.

दोन देश, दोन कायदे

या विकींना जागा देणाऱ्या बहुतेक कंपन्या अमेरिकी आहेत. अमेरिकेच्या कायद्यातील ‘फेअर यूज’ तत्त्वानुसार चार गोष्टी तपासल्या जातात : वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारावर होणारा परिणाम. मालकाने तक्रार केल्यास १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार कंपनी ती फाईल काढून टाकते. चढविणाऱ्याला प्रतिनोटीस देता येते. त्यानंतर तक्रारदार न्यायालयात गेला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत फाईल परत ठेवली जाते.

पुण्यात वा पणजीत बसून चित्र चढविणाऱ्याला भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदाही लागू असतो. त्याच्या कलम ५२ मधील ‘फेअर डीलिंग’ची सवलत तुलनेने आखूड आहे. संशोधनासह खासगी वापर, टीका वा समीक्षण आणि चालू घडामोडींचे वार्तांकन एवढेच हेतू त्यात येतात. त्यामुळे एखाद्या दृश्याची चर्चा करणाऱ्या परिच्छेदाशेजारी त्या दृश्याची एक चौकट ठेवणे आणि शंभर चौकटींचे शोभेचे दालन उभारणे, यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे.

जुन्या कृतींबाबत मुदत पाहावी. भारतात चित्रपटाचे संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकते. दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ किंवा प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ यांची भारतातील मुदत केव्हाच संपली आहे. मात्र अशा चित्रपटातील गीतांचा हिशेब गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे असा स्वतंत्र असतो. छायाचित्रांची मुदतही २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजली जाते. शिवाय भारतात मुक्त झालेली कृती अमेरिकेत संरक्षित असू शकते.

फाईल चढविताना

नियमांचा तपशील प्रत्येक विकीवर वेगळा असला, तरी त्यांचा गाभा सारखाच आहे.

* स्रोत : मालिकेचे नाव, भागाचे नाव वा क्रमांक आणि हक्कधारकाचे नाव लिहावे. ‘गुगलवरून घेतले’ हा स्रोत नव्हे. शोधयंत्र चित्र दाखविते, त्याचे मालक नसते.

* परवाना : योग्य परवाना-साचा निवडावा. दुसऱ्याच्या चित्रावर ‘माझे स्वतःचे काम’ अशी खूण करणे ही सर्वांत गंभीर चूक समजावी. चित्रपटाच्या भित्तिपत्रकाचे वा खेळण्यातील पुतळीचे छायाचित्र स्वतः काढले, तरी मूळ कलाकृतीवरील हक्क आपला होत नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्यास मात्र भारतीय कायद्याची मुभा आहे.

* कारण : हे चित्र कोणत्या पानावर आणि कशासाठी हवे, हे एका वाक्यात लिहावे. असे वाक्य सुचत नसेल, तर चित्राची गरज नाही असे समजावे.

* आकार आणि लांबी : या बाबतीत इंग्रजी विकिपीडियाचे दंडक मार्गदर्शक ठरतात. तेथे संरक्षित चित्र साधारण एक लाख चित्रबिंदूंपर्यंत ठेवले जाते. गाण्याचा नमुना ३० सेकंद किंवा मूळ गाण्याचा दहावा भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढाच घेता येतो. कोणत्याही लेखात न वापरलेली संरक्षित फाईल सात दिवसांनंतर काढली जाते.

* नाव आणि प्रकार : कॅमेऱ्याने दिलेला आकडा तसाच न ठेवता आशय सांगणारे नाव द्यावे. छायाचित्र व चित्रपटातील दृश्यासाठी जेपीईजी, बोधचिन्ह व रेषाचित्रासाठी पीएनजी वा एसव्हीजी हे प्रकार सोयीचे असतात. त्याच चित्राची चांगली प्रत मिळाल्यास नवी फाईल न करता जुन्या पानावरच नवी आवृत्ती चढवावी. इतिहास तेथे जपला जातो.

* चाहत्यांनी काढलेली चित्रे : चित्रकाराची परवानगी हवीच, पण तेवढ्याने भागत नाही, कारण त्यातील पात्र दुसऱ्याचे असते. ‘वूकीपीडिया’सारखे विकी अशी चित्रे लेखांत घेतच नाहीत.

स्वतःच्या चित्राचाही विचार

संमेलनात वा चित्रीकरणस्थळी स्वतः टिपलेले छायाचित्र ही विकीला मिळणारी सर्वांत मोलाची देणगी होय. ते देतानाही एक गोष्ट ध्यानी ठेवावी. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना एकदा दिला की परत घेता येत नाही. नामनिर्देश करून ते चित्र कोणीही वापरू शकतो आणि परवान्यात मनाई नसेल, तर विकूही शकतो.

फाईल काढली गेल्यास वाद घालण्याऐवजी तिच्या वर्णनाचे पान उघडून पाहावे. अनेकदा स्रोताची एक ओळ आणि परवान्याचा एक साचा एवढीच उणीव असते. ती भरून काढली की चित्र पुन्हा लेखात येऊ शकते. ही दोन मिनिटे सुरुवातीलाच खर्च केली, तर अनेकांनी वर्षानुवर्षे रचलेल्या पानावर मोकळी चौकट उरण्याची वेळ येणार नाही.