ओवी गाणारीचं नाव



पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि दळताना गायची ओवीही मागं पडली. ती सांभाळायला पुढं आल्या हेमा राईरकर. 1980 च्या दशकात त्यांनी सहकारी गी पॉइटवाँ यांच्यासोबत पुण्यातून हे काम सुरू केलं. हजाराहून जास्त गावांतल्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आधी त्या वहीत उतरवल्या, 1990 च्या दशकात काही टेपवर घेतल्या. वहीत शब्द राहिले, टेपवर चाल राहिली. गाणारीचा चेहरा मात्र दिसत नव्हता.

तो दिसला व्हिडिओत. 2017 पासून हा ठेवा 'पारी' या संकेतस्थळावर येऊ लागला. हे काम नमिता वाईकर यांनी पुढं नेलं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात 1996 साली काही बायांनी बाबासाहेबांवर ओव्या गायल्या होत्या. एकवीस वर्षांनी ही मंडळी पुन्हा तिथं गेली आणि त्यांचं गाणं कॅमेऱ्यात घेतलं. सोबत गाणारीचं नाव आणि गावही दिलं.

हे नाव फार मोलाचं. शेतात राबणारीचं नाव जसं सातबाऱ्यावर नसतं, तसं ओवी रचणारीचं नावही कुठं नसायचं.

आपल्या गटात आता मोबाईल आहेत. आजीला विचारा, ती हो म्हणाली तर पंखा बंद करून मोबाईल आडवा धरा. आधी तिला नाव-गाव सांगू द्या, मग ओवी.