दिवा चालू कोणी ठेवला?

मोबाइल फोनचे बटण दाबले की थोड्याच वेळात पडद्यावर कंपनीचे चिन्ह उमटते. त्या क्षणी फोनची मुख्य कार्यप्रणाली बहुधा जागी झालेली नसते. चिन्ह दाखवतो तो बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम. तो स्मृती, पडदा असे गरजेपुरते भाग सुरू करतो, कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल स्मृतीत आणतो आणि कारभार त्याच्या हाती देऊन निघून जातो. कोणकोणते भाग आपण चालू ठेवले, याची पूर्ण यादी मात्र तो सहसा देत नाही. मग कोणते बंद करायचे, हे कर्नलने कसे ठरवावे?

विजेच्या बचतीचा प्रश्न प्रथम ठळक झाला तो मांडीवरच्या संगणकांमुळे. १९९२ मध्ये इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी ए.पी.एम. ही पद्धत आणली. तिच्यात बरेचसे निर्णय बायोस हा संगणकात कायमचा बसवलेला प्रोग्रॅम घेई. पण उपकरण कोण वापरते आहे, हे कार्यप्रणालीला अधिक चांगले कळते. म्हणून १९९६ च्या ए.सी.पी.आय. या मानकाने सूत्रे तिच्याकडे दिली आणि उपकरणांच्या अवस्थांना डी-० (पूर्ण चालू) ते डी-३ (बंद) अशी नावे दिली.

फोन, राउटर यांच्या पोटातील चिपांवर बहुधा असे बायोस नसते. तेथे प्रत्येक भागाला योग्य दाबाची वीज हवी आणि घड्याळाचे स्पंदही हवेत. अनेक चिपांवर स्पंद बंद असलेल्या भागाकडून माहिती मागितली, तर प्रक्रियकच उत्तराची वाट पाहत अडकून पडतो. म्हणजे भाग चालू ठेवला तर बॅटरी संपते आणि चुकीच्या वेळी बंद केला तर यंत्र गोठते.

लिनक्स कर्नलमध्ये या कामाची चौकट टप्प्याटप्प्याने उभी राहिली: २००८ मध्ये वीजपुरवठ्यासाठी, २००९ मध्ये चालू यंत्रातील रिकाम्या उपकरणांसाठी, २०११ मध्ये चिपच्या वीजविभागांसाठी आणि २०१२ मध्ये घड्याळांसाठी. सर्वांमागची कल्पना सोपी होती. वापरणारे किती, ते मोजा. नवा आला की एक मिळवा, गेला की एक वजा करा. शून्य झाले की बंद करा.

अडचण सुरुवातीलाच आली. कर्नल जागा होतो तेव्हा सगळेच आकडे शून्य असतात. पण बूटलोडरने पडदा तर चालू ठेवलेला असतो! आरंभाच्या अखेरीस कर्नल ‘शून्य वापराची’ घड्याळे बंद करी. ज्या उपकरणांचे चालक प्रोग्रॅम नंतर यायचे असत, त्यांचीही घड्याळे त्यात जात आणि पडदा काळा होई. ‘कोणालाही नको’ आणि ‘अजून कोणी मागितलेले नाही’, या दोन्हींसाठी शून्य हा एकच आकडा होता.

पहिला उपाय म्हणजे ‘न वापरलेली घड्याळे बंद करू नका’ असा आदेश आरंभीच देणे. यंत्र चाले, पण बचत बुडे. वीजपुरवठ्याच्या बाबतीत पुढे सुमारे ३० सेकंद थांबण्याची पद्धत आली. पण किती थांबणे पुरेसे, हे घड्याळ पाहून ठरवता येत नाही.

जानेवारी २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.५ मध्ये ‘सिंक-स्टेट’ ही वेगळी वाट निघाली. कोणता भाग कोणावर अवलंबून आहे, हे त्या यंत्राच्या ‘डिव्हाइस ट्री’ या वर्णनात लिहिलेले असते. तेव्हा वेळ मोजण्याऐवजी पुरवठा करणाऱ्याने आपल्या यादीतील सर्व ग्राहक हजर होईपर्यंत थांबावे आणि मगच अनावश्यक ते बंद करावे. यातही एक ग्राहक आलाच नाही, तर पुरवठा विनाकारण चालू राहतो. पण यंत्र बंद पडण्यापेक्षा ते बरे.

वर्गात हा प्रश्न जरूर मांडून पाहा. हजेरी घेण्यापूर्वीच्या कोऱ्या पानावरून ‘आज कोणीच आले नाही’ असा निष्कर्ष काढता येईल का? नोंद नसणे आणि नोंद शून्य असणे यांतला फरक मुलांना लगेच पटेल. प्रयोगवही लिहितानाही तो उपयोगी पडेल.