मंडि आणि मांडी

कन्नडमध्ये गुडघ्याला ‘मंडि’ म्हणतात. आपली मांडी त्याच्या जरा वर. पीण्यात नोकरीला लागलो तेव्हा दिवसभर लेथवर उभे राहणारे सोबती संध्याकाळी ‘मंडि नोवु’ म्हणत, आणि मला वाटे यांची मांडी दुखते. आता माझेच गुडघे दुखतात; दुभाष्याची गरज उरलेली नाही.

गेल्या दिवाळीत सांगलीला आत्याकडे गेलो. देवघराच्या फळीवर गोळ्यांची बाटली होती, नातवाने अमेरिकेहून आणलेली. आत हळदीचा अर्क, साळईच्या डिंकाचा अर्क आणि मिरीचा अर्क. आत्या हसून म्हणाली, “हळदीच्या गावात हळद अमेरिकेहून येते बघ.” मग हळूच विचारले, “अरे, हे घेऊन मला परत मांडी घालून बसता येईल का? पूजेला खुर्ची बरी वाटत नाही.”

तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. बंगळूरला परतल्यावर मात्र त्या बाटलीचा इतिहास शोधू लागलो, आणि तो मला माझ्याच कामाच्या जागी घेऊन आला.

सांगलीची हळद कुणाला सांगायला नको. जवळच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत ती साठवत. 2005च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले. 2018 साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतला पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, फ्रान्समध्ये 1815 सालीच वेगळा काढला गेला होता. साळई म्हणजे आयुर्वेदातली शल्लकी. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरचे हे झाड अरबस्तानातल्या धुपाच्या झाडाचे भावंड. सालीला चीर दिली की डिंक पाझरतो. चिरा फार झाल्या तर झाड मरते. 1980च्या दशकात जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेत या डिंकाचा सुजेवरचा परिणाम तपासला गेला आणि पुढे जर्मनीत ट्यूबिंगेनच्या संशोधकांनी तो कसा होतो याचा शोध घेतला.

पीण्या औद्योगिक क्षेत्र 1970च्या दशकातले. आमच्या लेखी पीण्या म्हणजे लेथ, ड्रिल, प्रेस आणि तेलाचा वास. पण इथल्याच दुसऱ्या टप्प्यात हळदीचे आणि डिंकाचे अर्क बनवणाऱ्या सामी लॅब्ज या नावाने सुरू झालेल्या कंपनीचे मुख्यालय आहे. केरळात जन्मलेले औषधशास्त्रज्ञ मुहम्मद मजीद यांनी 1988 साली अमेरिकेत न्यू जर्सीला सबिन्सा ही कंपनी काढली आणि 1991 साली बंगळुरात सामी लॅब्ज. मी ज्या रस्त्यांनी डबा घेऊन कामाला जात होतो, तिथूनच झाडपाल्याचे अर्क परदेशी जात होते.

आता हळदीच्या बाटलीत मिरी का, ते पाहू. पोटात गेलेली हळद रक्तात जवळजवळ पोचतच नाही. आतडे आणि यकृत तिला लगेच निकामी करून बाहेर टाकतात. मिरीतले पायपरिन हे काम मंदावते. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातून एक निबंध प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तात ते नावापुरतेच सापडले. सोबत 20 मिलिग्रॅम पायपरिन दिले, तेव्हा प्रमाण वीस पटींनी वाढले. निबंधाच्या लेखकांत मजीदांचेही नाव आहे. ‘2000 टक्के’ हा आकडा तेव्हापासून जगभरच्या बाटल्यांवर आणि जाहिरातींत फिरतो आहे. पण त्या प्रयोगात मोजले होते ते रक्त. गुडघा कुणी मोजला नव्हता.

गुडघा मोजला नागपूरने. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात गुडघ्याची झीज झालेल्या 30 रुग्णांवर साळईचा प्रयोग झाला. 2003 साली तो छापून आला. पंधरा जणांना अर्क, पंधरा जणांना तशीच दिसणारी खोटी गोळी, आठ आठवडे. मग मध्ये काही काळ सोडून अदलाबदल. अर्क घेणाऱ्यांचे दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालणे वाढले. एक्स-रेत मात्र काहीच फरक नव्हता. रुग्ण फक्त तीसच होते हे खरे. पण त्या डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या, याचे मला मोल वाटते. दुखणे उतरणे वेगळे आणि झीज भरून येणे वेगळे. बाजार यातले पहिले दाखवून दुसरे विकतो.

कायद्यालाही ही फट ठाऊक आहे. अमेरिकेत 1994च्या कायद्याने पूरके अन्नाच्या रांगेत बसवली. विकण्याआधी गुण सिद्ध करायची सक्ती नाही. आपल्याकडे 2016च्या नियमांनुसार पूरकाच्या वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावेच लागते. पुढच्या बाजूला धावणारा माणूस, मागे बारीक अक्षरांत ही ओळ. आणि 2019 साली इटलीत हळदीची पूरके घेणाऱ्या काही जणांना यकृताचा दाह झाला, तेव्हा तिथल्या सरकारला इशारा द्यावा लागला. तो इशारा भाजीतल्या हळदीबद्दल नव्हता. चिमूटभर हळदीची आजीच्या काळापासूनची पुण्याई गोळीला आपोआप मिळत नाही. शिवाय मिरीचा अर्क यकृताचे काम मंदावतो, तेव्हा सोबत घेतलेल्या दुसऱ्या औषधांचा परिणामही बदलू शकतो.

आत्या रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेते. म्हणून परवा फोन केला आणि आधी तेच सांगितले: बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. मग तिचा मूळ प्रश्न. म्हटले, “आत्या, साळईने दुखणे थोडे कमी होईलही. झिजलेला गुडघा मात्र भरून येणार नाही.”

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे खुर्चीच.”

“खुर्चीच.”

“मग देवालाच जरा उंच चौरंगावर घेते,” ती म्हणाली, “त्याचे गुडघे चांगले आहेत.”