मानमोडी म्हणून सोडून दिलेली मर

कोंबड्यांना मर लागली की आपल्याकडं पहिला शब्द निघतो, मानमोडी. म्हणजे राणीखेत. (१९१८ च्या इन्फ्लुएंझालाही आपले पणजोबा मानमोडीच म्हणायचे, हा योगायोग बघा.)

२००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला हेच झालं. पोल्ट्र्यांत पक्षी मरू लागले, सुरुवातीला सगळ्यांना राणीखेतच वाटलं. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला जाहीर झालं, एच५एन१ बर्ड फ्लू. देशातला पहिला. मग लाखो पक्षी मारून पुरावे लागले. दोष कुणाला देणार? दोन्ही रोगांत पक्षी सुस्त होतो, हगवण लागते, पटापट मरतो. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही, नमुनाच लागतो.

पण नमुना घ्यायचा फक्त शेडवरच का? १९९७ ला हाँगकाँगमध्ये या विषाणूनं १८ माणसं आजारी पडली, ६ गेली. माग निघाला जिवंत कोंबड्यांच्या बाजारात. तिथं मग बाजारातल्या पक्ष्यांची नियमित तपासणी सुरू झाली. २००१ पासून महिन्यातून एक दिवस सगळे गाळे रिकामे करून धुवायचे, आणि २००८ पासून रात्री जिवंत पक्षी बाजारात ठेवायचाच नाही, असा नियम आला. विषाणूला मुक्कामाला जागाच ठेवली नाही.

आता आपले सोलापूर जिल्ह्यातले आठवडी बाजार बघा. मी बघतो ते असं: दहा गावच्या गावरान कोंबड्या एका डालग्यात, शेजारी पोल्ट्रीतल्या म्हाताऱ्या लेअर, पाण्याचं भांडं एकच. न विकलेली कोंबडी संध्याकाळी परत घरच्या खुराड्यात. माझ्या मते खरा धोका त्या परतीच्या कोंबडीचा. तिला किमान दोन आठवडे वेगळी ठेवा. आणि बाजारातल्या पिंजऱ्याचा तळ, पाणी, विष्ठा यांचे नमुने अधूनमधून घेतले, तर मर गावात पोचायच्या आधी कळेल.

२०२१ च्या जानेवारीत परभणीजवळ मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मेल्या, तिथंही बर्ड फ्लूच निघाला. कळवलं तर सगळा कळप जाईल म्हणून लोक गप्प बसतात. भीती खरी आहे. पण सरकारी भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. म्हणजे गप्प बसलेला प्रत्येक दिवस आपल्याच खिशातून जातो. पशुसंवर्धनचा नंबर १९६२, फोन फुकट आहे. मेलेला पक्षी उघड्या हातानं उचलू नका, ओढ्यात तर अजिबात टाकू नका.