कोचीच्या राजवाड्याचे शेजारी

कोचीच्या मट्टनचेरी भागांत हिंदूंचीं देवळें, मुसलमानांच्या मशिदी, गुजराती जैनांचें देरासर आणि यहुद्यांचें प्रार्थनामंदिर इतकीं जवळजवळ आहेत कीं, धर्मसहिष्णुतेवर बोलूं इच्छिणाऱ्या वक्त्यास ती पेठ म्हणजे आयतें भांडारच होय. तेथील औदार्य खरें आहे. आम्हांस तें नाकारावयाचें नाहीं. परंतु तें कशाच्या आधारावर उभें होतें हें न पाहतां त्याचे गोडवे गाणें म्हणजे पाया न तपासतां कळसास हात जोडणें होय.

कोचीचें राज्य लहान, पण बंदर मोठें. मिऱ्यांच्या व्यापारावर दरबार चाले. म्हणून व्यापार आणणाऱ्यास राजा जागा देई, आणि जागा मिळालेला मनुष्य तेथें आपला देव बसवी. १५०३ सालीं पोर्तुगीजांनीं येथें लांकडी चर्च उभारलें. १५५५ च्या सुमारास त्यांनींच राजास राजवाडा बांधून दिला. आणि त्याच पोर्तुगीजांच्या जाचानें गोवा सोडून निघालेले गौड सारस्वत कोचीस आले, तेव्हां राजानें त्यांसही ठाव दिला! हांकलणारे मित्र, हांकललेले आश्रित, असा हा चमत्कारिक संसार होता. सारस्वतांचें तिरुमल देवस्थान सोळाव्या शतकाच्या अखेरचें. घरीं कोंकणी बोलणारीं त्यांचीं कुटुंबें आजही मट्टनचेरींत नांदत आहेत.

इबेरियांतून परागंदा झालेल्या यहुद्यांनीं व त्यांच्या वंशजांनीं १५६८ सालीं राजवाड्यालगतच प्रार्थनामंदिर बांधलें. त्यास 'परदेशी' असें नांव पडलें. चार शतकांच्या शेजारानंतरही तें सुटलें नाहीं. डचांस साह्य केल्याच्या रागानें १६६२ सालीं पोर्तुगीजांनीं तें जाळलें. पुढल्याच वर्षीं डचांनीं कोची घेतली व मंदिर पुन्हां उभें राहिलें. अठराव्या शतकांत एझेकिएल राहबी या व्यापाऱ्यानें त्यास चिनी निळ्या-पांढऱ्या फरशा आणविल्या व घड्याळाचा मनोरा बांधला. मनोऱ्यावर हेब्रूही अंक आहेत, रोमनही आहेत. मंदिराच्या आंत मात्र इतकी समदृष्टि नव्हती. मुक्त केलेल्या गुलामांच्या वंशजांस तेथें बरोबरीची जागा मिळेना. त्यासाठीं अब्राहम बराक सालेम यांस विसाव्या शतकांत सत्याग्रह करावा लागला.

यहुद्यांस अभय देणारे डच कॅथॉलिकांच्या बाबतींत निराळेच ठरले. त्यांनीं त्यांचीं बहुतेक चर्चें पाडलीं, एका मोठ्या चर्चांत शस्त्रें ठेविलीं, आणि ज्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चांत १५२४ सालीं वास्को द गामास पुरलें होतें तें आपल्या पंथाचें केलें. पुढें तेंच चर्च इंग्रजांच्या पंथाकडे गेलें.

परंतु सर्वांत बोलका प्रसंग १७९१ चा. शक्तन तंपुरान म्हणून प्रसिद्ध असलेला राजा रामवर्मा आणि कोंकणी व्यापारी यांच्यांत पैशावरून वितुष्ट आलें. व्यापाऱ्यांचे पुढारी मारले गेले, देवस्थान लुटलें गेलें. भक्तांनीं मूर्ति त्रावणकोरांत नेली. ती परत यावयास १८५३ साल उजाडलें. लुटणारा हिंदु आणि लुटला गेला तो देवही हिंदूंचाच. ज्या गादीनें आसरा दिला, तिनेंच तो काढून घेतला, कारण तो आसरा कोणाच्या हक्काचा नव्हता, गादीच्या मर्जीचा होता. मर्जी आणि गरज जुळली तोंवर भिंतीला भिंत लागून देव सुखानें राहिले.

यहुद्यांवर राजाची मर्जी कधीं फिरली नाहीं. १९४८ सालीं इस्रायल स्थापन झाल्यावर ते आपण होऊन निघाले. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. बाहेरचे यहुदी पाहुणे आल्यावांचून ती संख्या आतां भरत नाहीं. राजवाड्याचें संग्रहालय झालें आहे. राहबीच्या फरशांवरून प्रवासी जोडे काढून हिंडतात, आणि बाहेरच्या गल्लीस अजून 'ज्यू टाउन' असेंच म्हणतात.