निकालाची यादी आणि निकालाचे आंकडे

सन १८९९ मध्यें केंब्रिज विद्यापीठाच्या सीनेट हाउसांत गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल वाचला गेला. अग्रस्थानीं दोन नांवें होतीं. त्यांतील एक रत्नागिरी जिल्ह्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांचें. सीनिअर रँग्लर होणारे ते पहिले भारतीय. तेव्हांपासून ‘रँग्लर’ हें त्यांच्या नांवाचेंच अंग झालें. परंतु ज्या यादीनें हा मान दिला, तिच्या तळाशीं असलेल्या विद्यार्थ्याचें नांवही सर्वांसमक्ष वाचलें जाई, आणि पदवीदानाच्या वेळीं त्याचे मित्र सज्जांतून दोरीनें एक लांकडी चमचा त्याच्यापुढें सोडीत. ज्याचा निकाल त्याचें नांव, आणि तेंही क्रमवार, अशी ती पद्धत होती. सन १९०९ नंतर ही क्रमवारी बंद झाली.

परीक्षकाच्या तराजूवर इतका भरंवसा ठेवावा काय, हा प्रश्न त्यापूर्वींच निघाला होता. सन १८८८ मध्यें एजवर्थ ह्या अर्थशास्त्रज्ञानें परीक्षांच्या गुणांत योगायोगाचा वांटा किती, ह्याचें गणित मांडलें. पुढें ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरु फिलिप हार्टोग आणि त्यांचे सहकारी ऱ्होड्स ह्यांनीं सन १९३५ मध्यें आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका चौदा परीक्षकांनीं तपासल्या आणि वर्षाहून अधिक काळानें पुन्हां तपासल्या. २१० निर्णयांपैकीं ९२ निर्णय दुसऱ्या खेपेस बदलले! परीक्षक तेच, उत्तरपत्रिकाही त्याच.

अशा स्थितीत एखाद्या विषयांत नापास झालेल्या विद्यार्थ्यास आपल्या एकट्याचे गुण कळून भागत नाहीं. सगळा वर्गच घसरला, कीं आपणच कमी पडलों, हें समजण्यास साऱ्या वर्गाचे आंकडे हवेत. ब्रिटिश विद्यापीठांतून पदवीचा अभ्यासक्रम ‘मोड्यूल’ नांवाच्या लहान घटकांत विभागलेला असतो. कोणत्या घटकांत किती जणांस पहिला वर्ग मिळाला, किती अनुत्तीर्ण झाले, सरासरी किती पडली, हे आंकडे पूर्वीं विद्यापीठानें आपण होऊन दिले तरच मिळत.

सन २००० मध्यें ब्रिटिश पार्लमेंटनें माहिती-स्वातंत्र्याचा कायदा केला, आणि १ जानेवारी २००५ पासून तो पूर्णपणें अमलांत आला. विद्यापीठेंही त्याच्या कक्षेंत आलीं. कोणीही लेखी अर्ज करावा. कारण सांगण्याची गरज नाहीं. कामाच्या वीस दिवसांच्या आंत उत्तर दिलें पाहिजे. मात्र नोंदलेली माहितीच मागतां येते, आणि ती शोधण्यास अठरा तासांहून अधिक वेळ लागत असेल, तर विद्यापीठास नकार देतां येतो. म्हणून शहाणा अर्जदार सर्व विभागांचे दहा वर्षांचे आंकडे मागत नाहीं. ठराविक घटक आणि ठराविक वर्षें लिहितो. नकार पटला नाहीं, तर प्रथम विद्यापीठाकडेच फेरविचार मागावा, आणि नंतर माहिती आयुक्तांकडे दाद मागावी.

खरी अडचण वर्ग लहान असला म्हणजे येते. तिघांच्या वर्गांत एक नापास, असें छापलें, तर नांव न लिहितांही तें कळतें. असाच पेंच स्कॉटलंडमध्यें निराळ्या विषयांत पडला होता. लहान मुलांतील रक्ताच्या कर्करोगाचे प्रभागवार आंकडे मागितले गेले. संख्या इतक्या लहान होत्या, कीं मुलें ओळखूं येण्याची भीति होती. सन २००८ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत हा वाद गेला. आंकडे थोडे फिरवून दिले, तरी त्यांतून व्यक्ति ओळखतां येते काय, ह्याचा निर्णय करण्यासाठीं तें प्रकरण आयुक्तांकडे परत धाडण्यांत आलें.

भारतांतही सन २००५ च्या माहिती-अधिकार कायद्याखालीं सर्वोच्च न्यायालयानें सन २०११ मध्यें अशीच रेषा ओढली: परीक्षार्थीस स्वतःची उत्तरपत्रिका पाहतां येईल, परंतु परीक्षकाचें नांव उघड होणार नाहीं.

एका शतकांत परीक्षेचें माप असें उलटलें. पूर्वीं तोललेल्याचें नांव चव्हाट्यावर येई आणि तराजू झांकलेला राही. आतां नांव झांकावें आणि तराजू लोकांस दाखवावा, असा कायद्याचा रोख आहे. लांकडी चमच्याची थट्टा ज्याच्या वांट्यास आली, त्या विद्यार्थ्यासही हाच न्याय हवा होता.