एक प्रत, दोन वाचक : ‘दर्पण’ ते संकेतस्थळ

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले. त्यांचे गाव पोंभुर्ले, त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातले, १९८१ पासून सिंधुदुर्गातले. ‘दर्पणा’च्या पृष्ठावर इंग्रजी व मराठी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. वाचक कोणत्या भाषेचा, हे मुद्रकाने जाणण्याचे कारण नव्हते. प्रत एकच आणि निवड वाचकाची. याचे मोल म्हणजे प्रत्येक भाषेच्या वाट्यास पृष्ठाचा अंशच येई. १८६२ मध्ये निघालेल्या ‘इंदुप्रकाशा’नेही हीच द्विभाषिक वाट धरली.

१८८१ च्या जानेवारीत पुण्यात निराळा मार्ग निघाला. चिपळूणकर, आगरकर आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक यांच्या मंडळीने इंग्रजीसाठी ‘मराठा’ व मराठीसाठी ‘केसरी’ अशी स्वतंत्र पत्रे काढली. नाव निराळे, अंक निराळा. त्यामुळे घोटाळ्यास वाव नव्हता.

बहुभाषिक संकेतस्थळांनी तिसरा मार्ग काढला: पत्ता एकच, पण मागणाऱ्यागणिक मजकूर निराळा. वाचकाचा ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत ‘ॲक्सेप्ट-लँग्वेज’ या शीर्षाखाली भाषांचा पसंतीक्रम कळवितो. परंतु सर्व्हर व वाचक यांच्यामध्ये कॅश, म्हणजे तयार प्रतींचा साठा असतो. हा साठा केवळ पत्त्यावरून प्रत ओळखू लागला, तर एकाने मागविलेली इंग्रजी प्रत मराठी मागणाऱ्या दुसऱ्याच्या हाती पडते. यावर उपाय म्हणून १९९७ च्या एचटीटीपी १.१ या संहितेत ‘व्हेरी’ हे शीर्ष आले. उत्तर भाषेवर अवलंबून आहे, अशी सूचना ते साठ्यास देते. तथापि पसंतीक्रम लिहिण्याच्या तऱ्हा असंख्य असल्याने एकाच पृष्ठाच्या अनेक प्रती साठतात आणि साठ्याचा लाभ घटतो. म्हणून प्रत्येक भाषेस स्वतंत्र पत्ता देणे, म्हणजे ‘केसरी’-‘मराठ्या’चाच मार्ग, अधिक सोयीचा ठरतो. पसंतीक्रमाचा उपयोग मग केवळ प्रथम प्रवेशी वाट दाखविण्यापुरता उरतो.

भाषाभ्यासकास येथे आणखी एक प्रश्न दिसतो. ब्राउझरने कळविलेली भाषा ही वाचकाची उक्ती नव्हे. पुष्कळदा ती यंत्रात आधीच बसविलेली असते. रत्नागिरीच्या बाजारात घेतलेला फोन इंग्रजीतच ठेवला, तर त्याचा मालक मराठी वाचक असूनही इंग्रजीचा मागणीदार ठरतो. अशा मागण्यांची गणना करून मराठी वाचकच नाहीत, असा निष्कर्ष काढला, की मराठी पृष्ठांकडे दुर्लक्ष होते आणि तोच निष्कर्ष पुढे खरा ठरत जातो. यास्तव वाचकाने स्वतः केलेली निवड यंत्राच्या अनुमानाहून श्रेष्ठ मानावी, ती स्मरणात ठेवावी आणि भाषा बदलण्याची सोय प्रत्येक पृष्ठावर दिसेल अशी असावी. ‘दर्पणा’च्या वाचकाला दोन्ही स्तंभ डोळ्यांपुढे होते, आपली भाषा उपलब्ध आहे, हे त्याला कोणास विचारावे लागत नव्हते.